वळणाकडे पाठ

घरच्या सहल कंपनीच्या ऑफिसला कायमचं कुलूप लावून आल्यापासून मॅनेजरांना घरात नेमकं कुठे उभं राहावं तेच सुचत नव्हतं. बसायची त्यांना सवयच नव्हती. अण्णांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, पहिली बस रस्त्यावर काढली आणि मिसरूडही न फुटलेल्या थोरल्या मुलाला प्रवासी सांभाळायला पुढे उभं केलं, ते आजवर. आताही ते स्वयंपाकघराच्या दारात एक हात चौकटीला टेकवून उभे राहत आणि घरच्या जेवणाऱ्यांची डोकी मोजत. बायको त्यांना "अहो" म्हणे, भाऊ "दादा" आणि मुलं "बाबा", पण पाठीमागे सगळ्यांच्या तोंडी मॅनेजरच असे. ते त्यांच्या कानावर गेलं होतं आणि मनातून आवडलंही होतं.

त्या रविवारी सकाळी टेबलाभोवती सगळं घर जमलं होतं. मॅनेजरांच्या निवृत्तीनिमित्त एकत्र कुठेतरी जायचं, इतपत एकमत झालं होतं. कुठे जायचं यावरून मात्र चहाची दुसरी फेरी संपली तरी रणधुमाळी चालू होती.

"हे बघा," मॅनेजरांच्या मुलाने, धाकट्याने, फोन टेबलाच्या मध्यावर सरकवला. तो सिनेमांना आवाज जोडायचं काम करी, त्यामुळे स्वतः बोलताना फार आवाज करत नसे. "या गावात एक कॅफे आहे. तिथे मांजरं आपणहून येऊन मांडीत बसतात."

"आणि?" काकांनी विचारलं.

"आणि काय? बसतात."

"म्हणजे विमानाने जायचं आणि मांजर मांडीवर घेऊन परत यायचं!" काकांनी कपाळावर हात मारला. काका म्हणजे मॅनेजरांचा धाकटा भाऊ. कंपनीचे कार्यक्रम आखणं आणि प्रवाशांच्या तक्रारींना उत्तरं देणं यात त्यांचा जन्म गेला होता. "दादा, ऐकतोयस ना? आपण एका दिवसात किल्ला, धबधबा, बाग, संग्रहालय आणि वर सूर्यास्त दाखवायचो. यांना मांजर पुरतं."

"पण काका, सूर्यास्ताला तुम्ही लोकांना दहा मिनिटं द्यायचात," सून म्हणाली. "आईंनीच सांगितलंय मला. सूर्य बुडाला नसला तरी शिट्टी वाजायची."

"सूर्य काय, त्याच्या वेळेने बुडतो. जेवण गार होतं त्याचं काय?"

सगळे हसले. मॅनेजरही हसले, पण भावाची बाजू सोडणं त्यांना जिवावर आलं. "बरं, तुम्ही मुलं ठरवता तरी कसं?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडे लोक पत्रक घेऊन यायचे. पत्रकावर ठिकाणं असायची. ठिकाणावर बोट ठेवायचे, झालं."

मग जे सुरू झालं ते ऐकून मॅनेजरांनी चक्क खुर्ची ओढली आणि ते बसले. सून म्हणाली, मी वर्षभर ठिकाणं फोनमध्ये साठवून ठेवते, कुणाच्या तरी फोटोत खिडकीतून येणारं ऊन आवडलं म्हणूनसुद्धा. पुढचे दोन जन्म पुरतील एवढी जमली आहेत. धाकटा म्हणाला, आम्ही आधी बघतो तिथे इंटरनेट आहे का, म्हणजे दुपारपर्यंत काम करायचं आणि मग फिरायचं, रजा जात नाही. काका म्हणाले, म्हणजे इथे जे करता तेच तिथे जाऊन करायचं. हो, धाकटा म्हणाला, पण खिडकीबाहेर दुसरं काहीतरी असतं.

"मी तर आधी तक्रारी वाचते," थोरली म्हणाली.

थोरली म्हणजे मॅनेजरांची मुलगी. दातांची डॉक्टर. समोरच्याने तोंड उघडलं की दुखतंय कुठे हे तिला बरोबर कळे, आणि तो गुण तिने दवाखान्यापुरता ठेवला नव्हता.

"तक्रारी?" काका सावध झाले.

"चांगलं लिहिणारे सगळे एकसारखंच लिहितात. खरं काय ते चिडलेला माणूस सांगतो. हे ऐका." तिने फोन लांब धरून वाचायला सुरुवात केली. "'घर साधं आहे. जवळपास एकही दुकान नाही. पाहण्यासारखं काहीही नाही. येताना खिंडीनंतर एक वळण लागतं, तेवढंच. आमची चार दिवसांची सुट्टी वाया गेली.' बघा! यापेक्षा चांगलं ठिकाण मिळणार आहे का आपल्याला?"

काकांना ठसका लागला. असल्या तक्रारीला त्यांनी आयुष्यभर पानपानभर माफीची उत्तरं लिहिली होती, आणि ही पोरगी तीच वाचून जागा ठरवायला निघाली होती.

"खिंडीनंतरचं वळण?" मॅनेजरांच्या बायकोने वर पाहिलं. तिच्या मांडीवर शिवायला घेतलेली उशीची खोळ होती. "म्हणजे यांचं वळण?"

"तेच. बाबांचं," थोरली म्हणाली.

"मग कशाला पुन्हा?" काका उसळले. "दादाने ते वळण शेकडो वेळा पाहिलंय! माणसाला निवृत्तीनंतर तरी काहीतरी नवं दाखवा. काय रे दादा?"

मॅनेजरांनी कप तोंडाला लावला. कप रिकामा होता, तरी त्यांनी घोट घेतल्यासारखं केलं.

गोष्ट अशी होती की ते वळण त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

हे आजवर कुणालाच माहीत नव्हतं. त्यात लपवण्यासारखंही काही नव्हतं, कामच तसं होतं. खिंड ओलांडली की गाडी एकदम डावीकडे वळे आणि समोर सगळी दरी उघडी पडे. त्याच क्षणी गाडीतली माणसं वेडावून जात. कुणी उभं राही, कुणी खिडकीतून हात बाहेर काढी, कुणी दुसऱ्याच्या अंगावरून वाकून पाही आणि सगळा भार एका बाजूला येई. म्हणून अण्णांनी पहिल्याच फेरीला बजावलं होतं, "सगळे बाहेर बघतील तेव्हा तू आत बघायचं." गाडी चालवणाऱ्या अण्णांची नजर रस्त्यावर, मॅनेजरांची माणसांवर. ते ड्रायव्हरशेजारी, पुढच्या काचेकडे पाठ करून उभे राहत. दरी मागच्या खिडक्यांपर्यंत पोहोचेतो डोंगर आडवा येई आणि खेळ खलास होई. दोन पिढ्यांनी मिळून त्या वळणावरून अख्खं गाव नेऊन आणलं असेल, पण घरातल्या कुणी ती दरी पाहिली नव्हती.

घरी आल्यावर मात्र ते त्या वळणाचं वर्णन करत, आणि असं करत की मुलं जेवायची थांबत. नव्या जोडप्याचं सकाळपासूनचं भांडण कसं वाऱ्यावर उडालं, एका जाडजूड वकिलाने टोपी काढून छातीशी कशी धरली, खडूस म्हणून नाव घ्यावं अशा एका म्हातारीने शेजारणीचा हात कसा पकडला. "सगळी गाडी गप्प होते," ते म्हणत. "चिटपाखरू बोलत नाही." त्यांची बायको शिवणयंत्र थांबवून ऐके. कंपनीच्या प्रत्येक गाडीच्या प्रत्येक सीटचं कव्हर तिने शिवलं होतं आणि चालत्या गाडीत त्यातल्या एकाही सीटवर ती बसली नव्हती. गाडी भरलेली असली तर जागा नसे, आणि रिकामी असली तर गाडी जात नसे.

"चालेल मला," मॅनेजर म्हणाले.

"दादा!" काकांना हा फितुरीचाच प्रकार वाटला.

"मुलं एवढं म्हणतायत तर जाऊ." एवढं बोलून ते उठले आणि परत दारात जाऊन उभे राहिले. आता लोक तिथे नेतील आणि विचारतील, काय मॅनेजर, आहे का तसंच? मग आपण काय सांगणार? हा विचार एकीकडे त्यांना सोडत नव्हता. दुसरीकडे, एकदा तरी डोळे भरून ती दरी बघायला मिळेल म्हणून त्यांना लहान मुलासारखं झालं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

*

भाड्याची छोटी बस दाराशी आली तेव्हा सगळ्यांनी मिळून एक चूक केली, आणि ती इतक्या सहज झाली की कुणाच्या लक्षातही आलं नाही. ड्रायव्हरशेजारी इंजिनावर एक गादी होती, पुढच्या काचेला पाठ लावून बसायची. धाकट्याने ती झटकली, सुनेने तिच्यावर पाण्याची बाटली ठेवली, काकांनी "या मॅनेजरसाहेब" म्हणून हात केला आणि मॅनेजर मुकाट्याने जाऊन बसले. बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. पण आता उठायचं कुठल्या तोंडाने? मॅनेजरने खिडकी मागायची म्हणजे हसं व्हायचं.

त्यांची बायको मात्र पहिल्यांदाच निघाली होती. तिने डाव्या बाजूची खिडकी पकडली आणि आधी सीटच्या कव्हरचं टोक उलटून पाहिलं.

"टाके बघा कसे घातलेत," ती म्हणाली. "हात धुऊन मोकळे झालेत नुसते."

"आई, बाहेर बघ," धाकटा म्हणाला.

"बघते रे. बाहेरचं कुठे पळून जातंय?"

गाडी पळत होती. सून आणि धाकटा एकाच इअरफोनचं एकेक टोक कानात घालून बसले होते. काकांना गप्प बसवेना, म्हणून ते वाटेतल्या प्रत्येक फाट्यावर "इथून आत एक पाहण्यासारखं आहे" असं सांगत होते आणि कुणी आत शिरायला तयार नव्हतं. "उतरायचं नाही, चढायचं नाही, नुसतं जायचं," ते कुरकुरले. "याला सहल म्हणतात होय?" पण थोड्या वेळाने त्यांनी चप्पल काढली, पाय समोरच्या सीटवर टाकले आणि डोळे मिटले. एरवी गाडी निघाली की ऑफिसातल्या फोनशेजारी जीव मुठीत धरून बसायचं हे त्यांचं काम. त्यांचा चेहरा सैल पडलेला मॅनेजरांनी किती दिवसांनी पाहिला. पाठीमागे काय चाललंय ते दिसत नसलं तरी समोर आपली सगळी माणसं आहेत, हे त्यांना बरं वाटलं.

खिंडीच्या अलीकडे चहाची टपरी लागली. सगळे उतरले. सुनेची ओढणी पाठीमागच्या थांब्यावर राहिली म्हणून धाकट्याने हळूच विचारून पाहिलं, "परत जाऊया का? फार लांब नाही."

"गाडी मागे वळत नाही," मॅनेजर आणि काका एकदमच म्हणाले.

हा अण्णांचा नियम. एकासाठी वळली की सगळ्यांसाठी वळवावी लागते, असं त्यांचं म्हणणं. छत्र्या, चष्मे, एकदा तर एका मास्तरांची कवळी मागे राहिली होती, तरी गाडी वळली नव्हती. मास्तरांनी उरलेली सहल दूधभातावर काढली.

चहा घेता घेता मॅनेजरांना दिसलं की टपरीच्या पलीकडे थोरली आणि तिची आई डोक्याला डोकं लावून काहीतरी बोलतायत. बायकोने एकदा वळून त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर काही त्यांना ओळखता आली नाही. एवढी वर्षं माणसांचे चेहरे वाचण्यात गेली, आणि नेमकी घरचीच लिपी लागेना. त्यांनी शिट्टीसाठी खिशात हात घातला आणि शिट्टी नाही हे आठवून टाळी वाजवली.

गाडीत चढून बघतात तर इंजिनावरच्या गादीवर त्यांची बायको बसलेली.

"अगं, ऊठ. ती माझी जागा आहे."

"आज मी बसणार. तुम्ही तिकडे बसा, माझ्या खिडकीत."

"अगं, पण पुढे वळण आहे."

"असू दे की."

"तिथे नको बसूस," मॅनेजर कळवळून म्हणाले. "तिथून काही दिसत नाही!"

काकांनी समोरच्या सीटवरचे पाय खाली घेतले.

"दादा," ते म्हणाले, "दिसत नाही म्हणजे?"

मॅनेजर मधल्या वाटेत उभे. चोर पकडला जावा तसा त्यांचा चेहरा झाला. "म्हणजे... तिथून... माणसं दिसतात," ते म्हणाले.

"मला ठाऊक होतं, बाबा," थोरली हळूच म्हणाली. "लहानपणी मी एकदा विचारलं होतं, त्या दरीत होतं तरी काय? तुम्ही म्हणालात, दरी होती. टोपी छातीशी धरलेला वकील तुम्ही अर्धा तास रंगवलात आणि दरी दोन शब्दांत उरकलीत. तेव्हा काही कळलं नाही. मग मध्यंतरी आम्ही मैत्रिणी एका तळ्यावर गेलो होतो. शेजारी सहलीची मोठी गाडी थांबली. सगळे तळ्याकडे बघत होते आणि एक माणूस तळ्याकडे पाठ करून त्यांच्याकडे बघत होता. मैत्रिणी फोटो काढत होत्या आणि मी रडत बसले." तिने नाक पुसलं. "आम्ही कुठे जायचं ते कसं ठरवतो, विचारत होतात ना? मी हे असं ठरवलं. बाकी ती तक्रार वगैरे मागाहून सापडली."

"मग घरीच सांगायचंस," मॅनेजर पुटपुटले.

"सांगितलं असतं तर आला असतात?"

या भावाने आणलेल्या चेहऱ्यांच्या गोष्टींवरून काकांनी वर्षानुवर्षं त्या वळणाची पत्रकं लिहिली होती. "ये रे दादा," ते शेवटी म्हणाले, आणि स्वतः उठून त्यांनी थोरल्या भावाला हाताला धरून खिडकीत बसवलं. "बस. मी डोकी मोजतो."

"इंजिनावरच्या तुमच्या वहिनी धरून ना?" सुनेने गंमत केली.

गाडी निघाली. खिंडीत अंधारून आलं, दोन्ही बाजूंचे काळे कडे काचेला लागतील इतके जवळ आले. मॅनेजरांनी समोरच्या सीटची कड धरली. मग गाडी डावीकडे वळली आणि सगळा डोंगरच बाजूला झाला.

दरी होती. पण ती एवढी असेल हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खाली, फार खाली, ढगांच्या सावल्या शेतांवरून सरकत होत्या, एक सावली नदी ओलांडत होती, आणि नदी वळत वळत जिथे संपायला हवी होती तिथून पुढे आणखी डोंगर सुरू होत होते, निळे, मग फिके, मग नुसते असल्यासारखे. त्यांनी हात वर नेला तेव्हा हाताला कळलं की डोक्यावर टोपीच नाही. हात तसाच छातीवर राहिला. त्यांना तो वकील आठवला, ती म्हातारी, ते भांडकुदळ जोडपं. आणि एवढ्या सगळ्या माणसांना आपण इथवर सुखरूप आणलं होतं, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. अण्णांची फार आठवण आली. अण्णांनाही दाखवायला हवं होतं. डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत, कारण पुसले असते तर तेवढा वेळ बघायचं राहिलं असतं.

डोंगर आडवा आला. संपलं.

चिटपाखरू बोललं नाही. मॅनेजरांनी मान वळवली, तर सगळी गाडी त्यांच्याकडेच बघत होती. मुलगी, मुलगा, सून, भाऊ. कुणी दरी पाहिली होती की नाही कोण जाणे. आणि समोर इंजिनावर, काचेला पाठ लावून, त्यांची बायको. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती.

"तुम्ही म्हणायचात तस्संच होतं हो," ती म्हणाली. "चेहरा अगदी तस्सा होतो."

"आणि दरी?"

"दरी काय, असेल की पाठीमागे. मी तुमच्याकडे बघत होते." तिने पदराने तोंड पुसलं. "इतकी वर्षं येऊन सांगायचात ना, तेव्हा मला वाटायचं, आपण कुठे जात नाही, पण आपल्याकडे सगळं येतं. आज वाटलं, एकदा तुमच्या जागेवरून बघावं."

मॅनेजर तिच्याकडे बघत राहिले. आयुष्यभर हिने कव्हरं शिवली, सगळ्या जगाला बसायला दिलं, आणि आज एक खिडकी मिळाली ती आपल्याला देऊन मोकळी झाली. ते उठले.

"ड्रायव्हरसाहेब," ते म्हणाले, "गाडी वळवा."

"काय?" काका ताडकन उभे राहिले. "दादा! अण्णा..."

"अण्णांना मी बघून घेईन. वळवा."

"पुढे जागा आहे, तिथून घेतो," ड्रायव्हर म्हणाला.

"मग ओढणी पण घेऊन येऊ का?" धाकट्याने संधी साधली.

"घेऊ. कवळी असली तरी घेऊ."

गाडी वळली, खिंडीतून मागे गेली आणि ओढणी घेऊन पुन्हा निघाली. मॅनेजरांनी बायकोला हाताला धरून तिच्या खिडकीत बसवलं, काच सरकवून दिली. थोरली बाजूला सरली. "बाबा, तुम्हीपण इथेच बसा ना, आईशेजारी. दोघं मिळून बघा."

"नको," मॅनेजर म्हणाले. "माझं बघून झालंय. फार छान दाखवलंस, बाळा. माझ्या ध्यानीमनी नसलेलं दाखवलंस." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आता मला माझ्या जागेवरून बघू दे."

ते जाऊन इंजिनाशी उभे राहिले, एक हात दांडीला, पाठ काचेला. सवयीने त्यांनी डोकी मोजली. सगळी होती. खिंडीतला काळोख आला आणि गेला. गाडी डावीकडे वळली, मॅनेजरांच्या पाठीमागे सगळी दरी उघडली, आणि त्यांच्या बायकोने शेजारी बसलेल्या लेकीचा हात पकडला.

असे चेहरे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते आणि संध्याकाळी घरी येऊन सांगितले होते. आज घरी जाऊन सांगायला कुणी नव्हतं, सगळे गाडीतच होते.